सोलापुरात राहून अंध स्कीपटूंचा गाइड होता येईल का?
सोलापुरात राहून नाही. ४२ डिग्रीच्या गावात बर्फ कुठून आणणार? हा गाइड खेळाडूच्या पुढे स्की करत उतरतो आणि हेडसेटवरून ‘डावीकडे... आता उजवीकडे’ असं सतत सांगत राहतो. म्हणजे स्वतःचं स्कीइंग विचार न करता जमायला हवं. गुलमर्ग, औलीला बेसिक कोर्स होतात, पण तेवढ्यावर हे काम मिळत नाही. पदक मात्र गाइडलाही मिळतं: २०१८ च्या प्योंगचांग पॅरालिम्पिकमध्ये ब्रिटनची दृष्टिबाधित स्कीपटू मेना फिट्झपॅट्रिक हिच्यासोबत तिची गाइड जेनिफर केहो हिनेही स्लॅलमचं (खांबांमधून नागमोडी उतरायची शर्यत) सुवर्ण घेतलं. स्कीइंग तसं जमेपर्यंत इथेच अंध धावपटूचा गाइड रनर व्हा. मी तेच करतो. दोघांच्या हातात एक छोटी दोरी, पाऊल त्याच्या पावलाशी जुळवायचं. ओढायचं नाही, नियमात बसत नाही.