औष्णिक केंद्राच्या धुरातला पारा काढता येतो का? येतो, पण आधी त्याचं रूप बदलावं लागतं

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरातून पारा बाहेर पडतो हे खरं का? चिमणीच्या आधी राख धरणारं यंत्र असतंच, तर पारा त्यातच का अडकत नाही? तो पारा तुमच्या गावापर्यंत, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीपर्यंत येतो का? आणि तिथं घर बांधताय, तर राखेच्या विटा घ्याव्यात का? मी निपाणीचा. आधी बरीच वर्षं औष्णिक केंद्रात बॉयलर आणि राख विभागात होतो, आता इकडच्याच एका साखर कारखान्याच्या कोजनमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडावर वीज करणाऱ्या विभागात आहे. डक्टजवळ, म्हणजे धूर वाहून नेणाऱ्या मोठ्या नळीजवळ उभं राहून जे कळलं त्यावरून सांगतो.

पारा बाहेर पडतो, हे खरं आहे. कोळशात तो टनाला साधारण एक दशांश ग्रॅम असतो, खाणीप्रमाणे कमी-जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं. पण 500 मेगावॅटचा एक वीजनिर्मिती संच पूर्ण भाराने चालला, तर आपला देशी कोळसा दिवसाला आठ हजार टनांच्या आसपास लागतो. म्हणजे एका संचाच्या भट्टीत रोज पाऊण-एक किलो पारा जातो. विजापूर जिल्ह्यातल्या कूडगीच्या केंद्रात 800 मेगावॅटचे तीन संच आहेत, रायचूरजवळ शक्तिनगरला लहानमोठे आठ. आणि पारा हे मूलद्रव्य आहे, तो जळून किंवा कुजून संपत नाही. आज बाहेर गेलेला पारा नातवंडांच्या काळातही कुठंतरी असणारच.

आता दुसरा प्रश्न, कारण खरी मेख तिथंच आहे. पारा 357 अंश सेल्सिअसला उकळतो आणि भट्टीतलं तापमान त्याच्या तिप्पट-चौपट असतं. त्यामुळे कोळशातला जवळजवळ सगळा पारा वाफ होऊन धुरात मिसळतो. धूर पुढं सरकत थंड होतो तशी त्या वाफेची तीन रूपं होतात. थोडा पारा राखेच्या कणांना चिकटतो. काही पारा धुरातल्या क्लोरिनशी संयोग पावतो आणि पाण्यात विरघळणारं संयुग बनतं. उरलेला मूळ रूपातच राहतो, निव्वळ धातूची वाफ. ईएसपी, म्हणजे तुम्ही म्हणता ते राख धरणारं यंत्र, विजेच्या जोरावर कण ओढून घेतं. कणाला चिकटलेला पारा त्यात सापडतो, वाफ सापडत नाही. ती सरळ चिमणीतून निघून जाते.

आपल्या कोळशात राख 30 ते 45 टक्के, गंधक कमी आणि क्लोरिनही कमी. गंधक कमी हे चांगलं. क्लोरिन कमी हे पाऱ्याच्या दृष्टीनं वाईट, कारण त्यामुळे पाऱ्याचा मोठा वाटा मूळ रूपातच राहतो आणि तेच रूप पकडायला सगळ्यात अवघड. म्हणून परदेशातले आकडे जसेच्या तसे इकडं लावून 'एवढे टक्के पारा ईएसपीत थांबतो' असं कुणी सांगितलं, तर त्यावर विसंबू नका.

हॉपरमधली, म्हणजे ईएसपीखालच्या नरसाळ्यात साठलेली राख बघितली की एक गोष्ट डोळ्यांनी दिसते. नीट जळालेल्या कोळशाची राख फिकट करडी, जवळजवळ पांढुरकी असते. भट्टीत हवेचं गणित चुकलं किंवा कोळशाचं दळण जाड राहिलं, की राख काळसर पडते, कारण तिच्यात न जळालेला कार्बन उरतो. आमच्या प्रयोगशाळेत दोन्ही नमुने मुशीत घालून मफल भट्टीत ठेवायचे. बाहेर काढल्यावर काळ्या नमुन्याचं वजन चांगलंच घटलेलं असायचं, फिकट नमुन्याचं नाममात्र. बॉयलरवाल्याला काळी राख म्हणजे वाया गेलेला कोळसा. पण पारा जास्त सापडतो तो याच काळ्या राखेत, कारण न जळालेला कार्बनच त्याला धरून ठेवतो. धूर जितका थंड, तितकी ही पकड चांगली. ईएसपीच्या तोंडाशी 130-140 अंश असले तर बरं, 170 च्या वर गेलं की पकड सुटू लागते. एअर प्रीहीटर, म्हणजे धुराच्या उष्णतेवर भट्टीची हवा तापवणारं यंत्र, साफ ठेवून धुराचं तापमान खाली आणलं तर कोळसा वाचतो आणि वर पाराही थोडा जास्त अडकतो. याला वेगळं यंत्र लागत नाही.

मुद्दाम पारा काढायचा तर जगभर वापरात असलेली रीत याच तत्त्वावर आहे. ईएसपीच्या आधी डक्टमध्ये सक्रिय कार्बनची बारीक भुकटी फुंकतात. ब्रोमिन लावलेली भुकटी असेल तर मूळ रूपातल्या पाऱ्याचंही रूप बदलतं आणि तो कार्बनला चिकटतो. दुसरी रीत आणखी स्वस्त आहे: कोळसा गिरणीत जाण्याआधीच त्यावर कॅल्शियम ब्रोमाइडचं द्रावण शिंपडायचं. टनाला ग्रॅममध्ये मोजावं इतकं थोडं लागतं. क्लोरिनची उणीव ब्रोमिन भरून काढतं, पारा विरघळणाऱ्या रूपात येतो आणि पुढं ओलं एफजीडी असेल, म्हणजे चुनखडीच्या पाण्यानं धूर धुणारा स्क्रबर, तर तो पाण्यात उतरतो. माझ्या मते आपल्या कोळशासाठी आधी हा ब्रोमाइडचा मार्गच तपासायला हवा. पण त्यालाही दोन पथ्यं आहेत. ब्रोमाइडनं धुराच्या वाटेवरचे थंड भाग गंजतात. आणि स्क्रबरचं पाणी नदीत सोडलं, तर खालच्या गावांच्या जलशुद्धीकरणात क्लोरिनशी मिळून त्या ब्रोमाइडची घातक संयुगं बनतात. कृष्णेचं पाणी किती गावं पितात ते तुम्हाला सांगायला नको.

स्क्रबर असला की काम झालं असंही नाही. त्याच्या पाण्यात उतरलेल्या पाऱ्यातला काही भाग तिथल्याच सल्फाइटमुळे पुन्हा मूळ रूपात येतो आणि वाफ होऊन निसटतो. तो रोखायला वेगळी रसायनं घालावी लागतात. शिवाय आता मूळ आधारच ढिला झालाय. जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या बहुतेक संचांना गंधकाच्या निकषातून, म्हणजे एफजीडी बसवण्यातून सूट दिली. कारण काय सांगितलं, तर आपल्या कोळशात गंधक कमी आहे. चर्चा झाली ती गंधकाचीच. त्याच स्क्रबरमध्ये पाराही थांबला असता, हा मुद्दा जवळजवळ कुणी मांडला नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

'पण पारा मर्यादेत आहे' असं उत्तर तुम्हाला कुणीतरी देईल. तेव्हा हे गणित जवळ ठेवा. डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेनुसार मर्यादा आहे घनमीटरला 0.03 मिलिग्रॅम, म्हणजे 30 मायक्रोग्रॅम. आपला एक टन कोळसा जळला की साडेपाच-सहा हजार घनमीटर धूर होतो. त्यात दशांश ग्रॅम पारा पूर्णच्या पूर्ण मिसळला, काहीही पकडलं नाही, तरी आकडा येतो 17-18 मायक्रोग्रॅम. म्हणजे पाऱ्यासाठी बोटही न हलवता केंद्र मर्यादेत बसू शकतं! युरोपात 2017 च्या निकषांनुसार दगडी कोळशाच्या मोठ्या केंद्रांना वार्षिक सरासरी 4 मायक्रोग्रॅमच्या आत ठेवावी लागते. आपल्याकडं 2003 अखेरपर्यंत बसवलेल्या, 500 मेगावॅटपेक्षा लहान संचांना तर पाऱ्याची मर्यादाच नाही. भारतानं पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारावर 2014 मध्ये सही केली, 2018 मध्ये तो मंजूरही केला, आणि त्या करारात कोळशाची वीज केंद्रं नाव घेऊन नोंदलेली आहेत.

तुमच्या गावापर्यंत येतो का, हेही विचारलंत. विरघळणाऱ्या रूपातला पारा पावसाबरोबर तुलनेनं जवळपासच खाली येतो. पावसाळ्यात आपल्याकडं वारं पश्चिमेचं, त्यामुळे कूडगीचा धूर तुमच्यापासून दूर जातो. हिवाळ्यात पूर्वेचं वारं सुटलं की उलट. नदीनं म्हणाल तर कृष्णा तुमच्याकडून तिकडं वाहते, तिकडून तुमच्याकडं नाही. मूळ रूपातला पारा मात्र कित्येक महिने हवेत तरंगतो आणि देशोदेशी जातो, त्याला जिल्हा-तालुका नसतो. हवेतून श्वासात येणारा पारा त्यामानानं थोडा. धोका आहे तो साठलेल्या पाण्याच्या गाळात. तिथले जिवाणू त्याचा मिथिल पारा हे विषारी संयुग करतात, तो माशांत साठत जातो, मोठ्या मासेखाऊ माशांत सगळ्यात जास्त. पोटातल्या बाळाच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, म्हणून गरोदर बायकांनी असे मोठे मासे टाळावेत असं डॉक्टर सांगतात.

आता विटा. राख, चुना किंवा सिमेंट घालून दाबून केलेल्या, पाण्यावर पिकवलेल्या विटा बिनघोर घ्या. त्या भाजत नाहीत, आणि राखेतला पारा कार्बनला घट्ट धरून असतो, पाण्यानं सहजी सुटत नाही. अडचण आहे ती मातीत राख कालवून भट्टीत भाजलेल्या लाल विटांची. आपल्या पट्ट्यात हे सर्रास चालतं, माती वाचते म्हणून. वीटभट्टीत 900 अंशांच्या पुढं गेलं की ईएसपीत मोठ्या कष्टानं अडकलेला पारा पुन्हा वाफ होऊन उडतो, आणि तोही उंच चिमणीतून नाही, तर वस्तीला लागून. वीट घरात आली तेव्हा तिच्यात पारा उरलेला नसतो. तो गेलेला असतो भट्टीवर राबणाऱ्या माणसांच्या आणि त्यांच्या पोरांच्या अंगावरून. सिमेंटच्या भट्टीत कच्चा माल म्हणून राख घातली तर तिथंही हेच होतं. तयार सिमेंटमध्ये नंतर दळून मिसळली तर होत नाही. म्हणून कार्बनची भुकटी फुंकायची असेल, तर ती ईएसपीच्या नंतर फुंकून वेगळ्या बॅग फिल्टरमध्ये, म्हणजे कापडी पिशव्यांच्या गाळणीत धरावी असं मला वाटतं. खर्च वाढतो, पण पारा थोड्याशा भुकटीत राहतो आणि बाकीची राख स्वच्छ राहते. शिवाय कार्बन मिसळलेली राख काँक्रीटलाही चालत नाही.

तुम्हाला पाठपुरावा करायचा असेल तर वीज केंद्राला पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, आणि तो लोकांना बघायला खुला असतो. तो मिळवा. चिमणीच्या तपासणीत पाऱ्याचा रकाना आहे का बघा. आकडा असेल तर मोजणी कोणत्या पद्धतीनं आणि किती वेळ केली ते बघा. चांगल्या मोजणीत कार्बन भरलेल्या काचेच्या दोन नळ्या एकाच वेळी डक्टमध्ये घालतात, प्रत्येक नळीत कार्बनचे दोन टप्पे असतात, आणि मागच्या टप्प्यात पारा जवळजवळ नसला तरच ती मोजणी धरतात. मग राख कुणाला दिली त्याची यादी बघा आणि त्यात वीटभट्ट्या किती ते मोजा. अहवाल इंग्रजीत असतात. एखादं पान कळलं नाही तर फोटो काढून इथं टाका, मी मराठीत समजावून सांगतो.