बाहुलीला आधी श्वास घेऊ द्या

प्रश्न : दिवाळीत भाच्याकडे नागपूरला गेले तेव्हा मोठ्या माणसांसाठीचा बाहुल्यांचा प्रयोग पाहिला. तासभर कुणी बोललं नाही. म्हाताऱ्या बाहुल्याला काळ्या कपड्यातले तिघे समोर उभे राहूनच हलवत होते, पण थोड्या वेळानं ते तिघे दिसेनासेच झाले. आमच्या बचत गटातल्या पाच जणींना पुढच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेत, असं काही करायचं आहे. घरचे म्हणतात, बाहुल्या म्हणजे लेकरांचा खेळ. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका

उत्तर : ताई, घरच्यांना पिंगुळीचं सांगा. कुडाळजवळच्या या गावातल्या ठाकर समाजानं कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या सांभाळल्या. रामायणातल्या कथा साऱ्या गावासमोर व्हायच्या, नुसत्या लेकरांसाठी नाही. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

एका बाहुलीला तिघांनी धरायची रीत जपानच्या बुनराकू या बाहुलीनाट्यात आहे. मुख्य कलावंत डोकं आणि उजवा हात सांभाळतो, दुसरा डावा हात, तिसरा पाय. तिथल्या बहुतेक स्त्री-बाहुल्यांना पायच नसतात. तिसरा माणूस वस्त्राचा काठ असा हलवतो की ती चालते आहे असंच वाटतं. हे वाचलं तेव्हा मी रोवणी करणारी, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावणारी, बाहुली बनवत होतो आणि पायांपाशी आठ दिवस अडलो होतो. मग लक्षात आलं, रोवणीत पाय तर चिखलातच असतात! पाय काढून टाकले, कमरेत सायकलच्या ट्यूबचा तुकडा बसवला. बाहुली वाकली. डोकं कागदाच्या लगद्याचं, लुगडं माझ्या आईचं.

पहिला प्रयोग गावच्या समाजमंदिरात केला आणि तो पडला. लोक मधूनच उठले. नंतर पुढं बसलेली एक बाई जवळ आली. म्हणाली, "भाऊ, बाई अशी सारखी हालत नाही. चार पऱ्हे लावते, कमरेवर हात ठेवते, मंग पुन्हा वाकते. अन् रोवताना मागं सरकतात, तुमची तर पुढंच चालली."

पुढच्या खेपेला बाहुली मागं सरकली. मधेच ताठ झाली, हात कमरेवर गेला. तिला धरणाऱ्या मी श्वास घेतला तसे तिचे खांदे बोटभर वर आले. माणसं गप्प झाली ती तिथं.

म्हणून तुम्ही डोकं घडवत बसू नका. जुन्या लुगड्याला गाठ मारा, ते डोकं. तिघींनी धरा आणि तिघींचीही नजर त्या गाठीवरच ठेवा. तुम्ही जिथं पाहाल तिथंच लोक पाहतील. तुमच्या नागपूरच्या प्रयोगात ते तिघे दिसेनासे झाले ते यामुळं. चौथीनं एकच दिवा बाजूनं धरावा. पाचवीनं सुपात धान हळूहळू फिरवावं, पावसाचा आवाज होतो. महिनाभर फक्त उठणं, बसणं, श्वास घेणं एवढंच करा.

मंडईच्या मंचावर मात्र नको. तिथल्या गर्दीत दोन फुटांची बाहुली मागच्याला दिसणार नाही, आणि नाचगाण्याची दंडार सुरू झाली की सुपातला पाऊस कोण ऐकणार? आदल्या संध्याकाळी शाळेच्या खोलीत पन्नास माणसं बसवा. बारा-पंधरा मिनिटं पुरे. पुढच्या रांगेत रोवणीला जाणाऱ्या बायांना बसवा, कुठं चुकतं ते त्याच सांगतील.