जोडीदाराचं प्रोबेशन अडचणीत आलं, तर घर कसं चालवायचं?

‘नवऱ्याचं प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे, त्यातले दोन उरलेत. काम अपेक्षेइतकं होत नाही, असं त्याला साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. नोकरी गेली तर माझ्या एकटीच्या पगारात कसं भागेल, या विचारानं रात्र रात्र झोप लागत नाही.’

ही काळजी घेऊन बरीच जोडपी समुपदेशनाला येतात. त्यातल्या एका जोडप्याची ही हकिगत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिच्या काळजीत दोन प्रश्न एकमेकांत गुंतले होते. नोकरी टिकेल का, हे तिच्या हातात नव्हतं. गेलीच तर आपण किती महिने तग धरू, हे मात्र तासाभरात मांडता येतं. ती रात्री जागत होती पहिल्या प्रश्नासाठी, म्हणून सत्राची सुरुवात मुद्दाम दुसऱ्यापासून केली.

दोघांचा मिळून पगार 100 धरला, तर तिचा 45 आणि त्याचा 55. महिन्याचा खर्च 88. त्यात घरभाडं 25, कर्जाचा हप्ता 18, विमा आणि फी 9, किराणा-वीज-प्रवास 20, बाकी सगळं 16. ते शेवटचे 16 थांबवले तरी 72 लागणारच. तिच्या पगारातून 45 निघतात, म्हणजे दरमहा 27 ची तूट. हा 27 चा आकडा महत्त्वाचा. हाताशी असलेल्या रकमेला त्यानं भागलं की आपल्याकडे किती महिने आहेत ते कळतं.

‘सहा महिने तरी निघतील’ असा तिचा अंदाज होता. पण तिनं मुदतीआधी मोडता न येणारी ठेव आणि निवृत्तीसाठीची बचतही त्यात धरली होती. आठवड्याभरात हातात येईल एवढाच पैसा मोजला, तेव्हा 81 निघाले. म्हणजे तीनच महिने. मग त्यानं मोबाइलवर बँकेचं गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट उघडलं आणि एकेक नोंद वाचत गेला. त्यात वर्षातून एकदाच भरायचा विम्याचा 12 चा हप्ता सापडला, तोही पुढच्याच काही महिन्यांत येणारा. असे हिशेब इथेच चुकतात. महिन्याचा खर्च सगळ्यांना पाठ असतो, वर्षाचा कुणाच्याच लक्षात नसतो. त्यामुळे एका महिन्याचं नको, बारा महिन्यांचं स्टेटमेंट बघा.

आकडा ऐकून ती गप्प झाली. पण अजून दोन्ही पगार येत होते, आणि उपाय त्यातच होता. निकालाची वाट न बघता पुढच्याच पगारापासून घर 72 मध्ये चालवायचं आणि उरलेले 28 लगेच वेगळ्या खात्यात टाकायचे. दोन महिन्यांत 56 जमतात. 81 अधिक 56 म्हणजे 137, त्यातून विम्याचे 12 वजा केले की 125. आता साडेचार महिन्यांहून थोडे जास्त निघतात. शिवाय ही रंगीत तालीमच असते. 72 मध्ये खरंच भागतं का, की आपण कागदावरच काटकसर केलीय, ते पगार चालू असतानाच कळतं. नोकरी टिकली तर साठलेला पैसा आपलाच आहे.

घाबरून केलेल्या काही गोष्टी मात्र अंगाशी येतात. या जोडप्याला सगळी शिल्लक कर्जात भरून मोकळं व्हायचं होतं. पण एकदा भरलेला पैसा गरजेला परत मागता येत नाही आणि पगार नसताना नवं कर्ज मिळणं कठीण. अशा वेळी हातातली रोकड जास्त मोलाची. क्रेडिट कार्डाची फक्त किमान रक्कम भरत राहिलात, तर व्याज चढत जातं. नोकरी जाण्याआधीच ती बाकी संपवा. हप्ता चुकेल असं दिसलं, तर चुकण्याआधी बँकेशी बोला. मुदत वाढवून हप्ता कमी करणं किंवा काही काळ सवलत मिळवणं, हे एकही हप्ता थकलेला नसताना सोपं जातं. आरोग्य विमा कंपनीचा असेल, तर तो बहुधा नोकरीबरोबरच संपतो आणि नव्या पॉलिसीत काही आजारांना प्रतीक्षा काळ असतो, म्हणजे तोवर त्यांचा खर्च मिळत नाही. तेव्हा घरातल्यांना तिच्या कंपनीच्या विम्यात घेता येतं का, याची चौकशी आधीच करायची.

पैशांचा हिशेब लागला, तरी एक गाठ उरली होती. तो दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच ती विचारायची, ‘आज साहेब काही बोलले का?’ तो उशिरा घरी यायला लागला आणि साहेबांची एक मेल त्यानं तिला दाखवलीच नाही. प्रश्न काळजीपोटीच होता, पण त्याला ती रोजची परीक्षा वाटायची. मग असं ठरलं की, आठवड्यातून दोनदा अर्धा तास नोकरी आणि पैसा हाच विषय. एरवी तो स्वतःहून बोलला तरच. त्यानं करायचं काम वेगळं होतं. ‘काम अपेक्षेइतकं नाही’ म्हणजे नेमकं काय कमी पडतंय, कोणत्या तारखेपर्यंत काय दिसायला हवं, हे साहेबांकडून लेखी घ्यायचं आणि दर आठवड्याला त्यावर अभिप्राय मागायचा. सोबत बायोडेटा अद्ययावत करून बाहेर अर्ज सुरू ठेवायचे. नोकरी असताना शोधलेली नोकरी कमी घाईत मिळते.

शेवटी निकालाच्या दिवसाची तयारी. प्रोबेशन वाढवलं, तर किती दिवस आणि कोणत्या अटींवर, ते लेखी मागा. नोकरी संपवत असतील, तर त्याच बैठकीत सही करू नका. वाचायला एक दिवस मागा. ‘स्वतःच राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगलं राहील’ असं सुचवतात. ते कधी सोयीचं असतं, पण अनेक ठिकाणी स्वतःहून नोकरी सोडली की बेकारी भत्त्यावरचा हक्क जाऊ शकतो. नियुक्तीपत्रात आणखी तीन गोष्टी पाहा: प्रोबेशनमधली नोटीस किती दिवसांची, उरलेल्या रजांचे पैसे मिळतात का, आणि जॉइनिंग बोनस परत करावा लागतो का. शेवटचा हिशेब हातात पडायला वेळ लागतो, म्हणून ती रक्कम खात्यात जमा होईपर्यंत महिन्यांच्या गणितात धरायची नाही.