शेती विकास प्रकल्पांमुळे गावातल्या लोकांची कमाई आणि अन्नसुरक्षा खरंच सुधारते का?
सुधारते, पण नुसतं पीक वाढवून नाही. बरेच प्रकल्प बी-खतावरच थांबतात; धान्य घरात आल्यावर त्याचं काय होतं, हे कोण बघतो? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार कापणीनंतर दुकानात पोचण्याआधीच जगातलं सुमारे १४ टक्के अन्न वाया जातं.

माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हवाबंद पिशवी. दाणा दाताखाली कडक्कन फुटेल इतका वाळवायचा, पिशवीत भरून तोंड घट्ट आवळायचं. आतला प्राणवायू संपत आला की धान्य पोखरणारे सोंडे किडे मरतात, औषध लागतच नाही. मग पडेल भावात विकायची घाई राहत नाही आणि टंचाईच्या महिन्यांत घरात खायलाही उरतं. पिकाच्या पाण्यासाठी कालवे, बंधारेही लागतातच. फक्त त्यांची दुरुस्ती कोण करणार हे आधी ठरवा.