लष्कराच्या भाकऱ्या आणि पहिला पॅच

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथन आणि थोडं जावास्क्रिप्ट येतं. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड कुणीही वापरू-बदलू शकतं अशा सॉफ्टवेअरमध्ये, काम केलं की नोकरीला उपयोग होतो असं सगळे सांगतात, म्हणून एका प्रकल्पाच्या रीडमीमधली (ओळख करून देणाऱ्या फाइलमधली) दोन वाक्यं बदलून पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा बदल घ्या’ अशी विनंती, पाठवली. ती एक शब्दही न लिहिता बंद केली गेली. मग लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, कोड उघडला आणि तासाभरात मिटला. तीन ठिकाणी नोंदवलेल्या तक्रारींखाली ‘हा इश्यू मला द्याल का?’ असं विचारलं, कोणीच उत्तर दिलं नाही. बाबा म्हणतात, पगार नाही तर या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतेस? सुरुवात नक्की कुठून करू?

उत्तर : पत्र दोनदा वाचलं. तू काय काय करून पाहिलंस ते सगळं आहे, पण तू रोज कोणतं सॉफ्टवेअर वापरतेस हे त्यात कुठेच नाही. रीडमी निवडलास कारण तो समोर होता, कर्नल निवडलास कारण त्याचं नाव मोठं. दोन्हीकडे तुझं स्वतःचं काही अडलेलं नव्हतं.

या जगातली बरीच कामं कुणाचं तरी काहीतरी अडलं म्हणून सुरू झाली आहेत. २००५ साली कर्नलवाले कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारी जी व्हर्जन कंट्रोल प्रणाली वापरत होते, तिची फुकट वापराची सोय बंद झाली. काम खोळंबलं, तेव्हा लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स स्वतःच नवीन प्रणाली लिहायला बसला. तू पुल रिक्वेस्ट पाठवायला वापरलंस ते गिट म्हणजे तीच.

तेव्हा आधी तुझ्या मशीनवर काय काय आहे ते बघ. व्हीएलसी, फायरफॉक्स, लिबरऑफिस, ब्लेंडर, किंवा असाइनमेंटसाठी वापरलेली पांडाज लायब्ररी. यातलं एखादं तरी असेलच, आणि त्यात तुला खटकणारी एखादी गोष्टही असेल. नसली तर आठवडाभर खटकतंय का ते बघत राहा.

एक उदाहरण घेऊ. समज, नोंदी ठेवायचं एक ॲप आहे. शीर्षक लांब झालं की यादीत ते कापतं आणि पुढे तीन टिंबं देतं. इंग्रजी शीर्षकं ठीक दिसतात, मराठीत मात्र कधीकधी शेवटच्या अक्षराची वेलांटी उडते. का? ‘मराठी’ हा शब्द आपण तीन अक्षरी मोजतो. पायथनला त्याची लांबी विचार, उत्तर येतं ५. म, र, काना, ठ आणि वेलांटी, कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना स्वतंत्र कोड पॉइंट (क्रमांक) असतात. ॲपने चौथ्यावर कात्री लावली की उरतं ‘मराठ’. ज्याने ते ॲप लिहिलं त्याला देवनागरी वाचता येत नसेल, तर हा बग त्याच्या डोळ्यांसमोर असूनही त्याला दहा वर्षं दिसणार नाही. तुला पहिल्या दिवशी दिसेल. तिसऱ्या वर्षाच्या मुलीकडे असलेलं आणि वीस वर्षांच्या अनुभवी माणसाकडे नसलेलं ज्ञान हे असं असतं.

बग दिसला की लगेच कोड उघडू नकोस. तो पुन्हा घडवून दाखव. ॲपची कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, नेमकं कोणतं शीर्षक टाकलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्या वाक्यावर कोणालाच काही करता येत नाही. ‘रकाना या रुंदीचा असताना हे शीर्षक टाका, शेवटची वेलांटी गायब होते’ असं लिहिलंस तर समोरचा दोन मिनिटांत स्वतः पाहू शकतो. साधं, तुटक इंग्रजी चालतं. आणि हो, लिहिण्याआधी जुन्या इश्यूंमध्ये शोध. तीच तक्रार आधीच कुणी केलेली असेल तर नवी न उघडता तिच्याखाली तुझी माहिती जोड.

स्वतःचा बग सापडेपर्यंत दुसऱ्यांचे घे. इश्यूंच्या यादीत कितीतरी तक्रारी अर्धवट माहितीवर पडून असतात. त्यातली एक उचल, ताज्या आवृत्तीवर घडते का ते तपास आणि जे दिसेल ते खाली लिही. ‘अजूनही घडतं, या पायऱ्यांनी’ किंवा ‘आता घडत नाही, या आवृत्तीत सुटलेलं दिसतं’. यात कोडची एक ओळ नाही. तरी माझ्या मते नवख्याने करण्यासारखं याहून चांगलं काम नाही, कारण प्रकल्प मशीनवर बिल्ड करणं, टेस्ट चालवणं, कोणती फाइल कशासाठी आहे हे कळणं, सगळं याच वाटेवर आपसूक होतं. पाच-सात तक्रारी अशा तपासल्यास की एखादीचं कारण तुला कोडमध्ये दिसेलच.

आता तुझ्या तीन अनुत्तरित प्रश्नांकडे. ‘हा इश्यू मला द्या’ म्हणणारे रोज दहा येतात आणि त्यातले बहुतेक पुन्हा दिसत नाहीत. त्यामुळे मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे, उत्तर द्यायचंच सोडून देतात. ‘मी हे घडवून पाहिलं, कारण बहुधा या फंक्शनमध्ये आहे, असा बदल करावा म्हणते, चालेल?’ असं विचारून बघ. बहुतेक ठिकाणी उत्तर येईल.

रीडमीची पुल रिक्वेस्ट बंद का झाली तेही सांगते. हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरला होतो. पुल रिक्वेस्टची ठरावीक संख्या गाठली की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये रीडमीत एखादा शब्द घुसवणाऱ्या रिक्वेस्टांची इतकी खोगीरभरती झाली की आयोजकांना नियम बदलावा लागला. स्वतःहून सहभागी होणारे प्रकल्पच मोजायचे असं ठरलं. तुझा हेतू तसा नसेल. पण पाहणाऱ्याला तुझी दोन वाक्यं त्याच ढिगातली वाटली.

एआयचंही तसंच आहे. कोड समजून घ्यायला वापर, माझी हरकत नाही. पण त्याने लिहिलेला पॅच (कोडमधला बदल) न समजता पुढे ढकललास तर रिव्ह्यूमधल्या (तपासणीतल्या) पहिल्याच ‘हे असं का केलं?’ला तुझ्याकडे उत्तर नसेल. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पांनी २०२४ मध्ये एआयने लिहिलेल्या कोडविरुद्ध थेट नियमच केले. म्हणून प्रत्येक ठिकाणचा नियम आधी वाच.

नियम ‘कॉन्ट्रिब्यूटिंग’ नावाच्या फाइलमध्ये असतात. कर्नलचे पॅच ईमेलने जातात, तिथे वेबसाइटवरून पुल रिक्वेस्ट पाठवायची पद्धत नाही. काही ठिकाणी प्रत्येक कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) ‘साइन्ड-ऑफ-बाय’ची, म्हणजे हा बदल द्यायचा मला हक्क आहे असं सांगणारी, ओळ लागते, काही ठिकाणी आधी करारावर सही. कोड कोणत्या अटींवर वापरता येतो तो परवानाही बघ, एमआयटी आहे की जीपीएल. परवाना नसेलच तर कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो ओपन सोर्स ठरत नाही. बाकी फोर्क (प्रकल्पाची स्वतःची प्रत), ब्रँच, कमिट, पुश ही यंत्रणा दोन संध्याकाळींत हाताला बसते, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. एकच सांगते: एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल. वेलांटीचा बग सोडवताना अख्ख्या फाइलचं फॉर्मॅटिंग ‘सुधारून’ ठेवलंस तर तुझ्या सहा ओळी सहाशेंत हरवतात. आणि बदल बरोबर चालतो हे तपासणारी टेस्ट जोड. मी नोकरीत असताना पाठवलेला माझा पहिला पॅच तीन आठवडे पडून होता, मग उत्तर आलं ते दोन शब्दांचं: ‘टेस्ट कुठे?’ तेव्हा राग आला होता.

रिव्ह्यूमध्ये मेंटेनर कधीकधी फार कोरडं बोलतात. त्यामागे एक कारण आहे. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरच्या लक्षात आलं की एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरायची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने ते सोडून दिलं नाही. खोदत गेला तेव्हा एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत मुद्दाम घुसवलेलं बॅकडोअर (चोरवाट) सापडलं. घुसवणाऱ्याने आधी दोनेक वर्षं तिथे चांगलं काम करून विश्वास मिळवला होता, आणि प्रकल्प सांभाळणारा माणूस जवळपास एकटा आणि थकलेला होता. त्यानंतर अनोळखी माणसाचा बदल बारकाईने तपासला जातो यात नवल नाही. मला या घटनेतला अर्धा सेकंद जास्त महत्त्वाचा वाटतो. फ्रॉइंडने त्या लायब्ररीत एक ओळ लिहिली नव्हती, त्याला फक्त काहीतरी खटकलं.

बाबांच्या प्रश्नाला माझं उत्तर अर्धं होकाराचं आहे. लिनक्स कर्नलमधला बराचसा कोड कंपन्यांचे पगारी इंजिनीअर लिहितात, तेव्हा सगळंच फुकट असतं असं नाही. नवख्यांसाठी गुगल समर ऑफ कोड २००५ पासून आहे. १८ वर्षं पूर्ण हवीत आणि मानधन मिळतं. आउटरीची ही मानधनाची रिमोट इंटर्नशिप आहे, तिथे निवडीआधी त्या प्रकल्पात काहीतरी काम करून दाखवावं लागतं. दोन्हीकडे निवडीआधी त्या प्रकल्पात वावरलेल्या मुलांचं पारडं जड असतं. पण नोकरीची हमी यातलं काहीच देत नाही, हे बाबांना स्पष्ट सांग. मुलाखतीत गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचे, रोजचं काम दाखवणारे हिरवे चौकोन कोणी मोजत बसत नाही. एका इश्यूची लिंक दे, जिथे तू बग घडवून दाखवलास, रिव्ह्यूत चूक मान्य केलीस आणि पॅच बदलून पुन्हा पाठवलास. त्यावर वीस मिनिटं बोलता येतं.

प्रकल्प निवडताना शेवटचे कमिट किती जुने आहेत ते बघ. वर्षभर हालचाल नसेल तर तिथे थांबू नकोस. ‘गुड फर्स्ट इश्यू’ असं लेबल बऱ्याच प्रकल्पांत असतं, लिबरऑफिसमध्ये ‘ईझी हॅक्स’. पण त्यावर गर्दी असते, म्हणून मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवते.

पॅच पाठवल्यावर दोन आठवडे काही आलं नाही तर एका ओळीची आठवण कर. तरी शांतता असेल तर दुसऱ्या प्रकल्पाकडे वळ, पण तुझा फोर्क डिलीट करू नकोस. तो गेला की उघड्या पुल रिक्वेस्टमध्ये पुढे बदल करता येत नाहीत, आणि उत्तरं कधीकधी चार महिन्यांनीही येतात.