वहीतली वर्दी आणि तिसरा राउंड

प्रश्न : ताई नमस्कार, मी शिंदखेडा तालुक्यातला, वय २३, दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करतोय. मागच्या वेळी ग्राउंडलाच मार्क कमी पडले. मग मित्राने मॅनिफेस्टेशनचे रील पाठवले, त्यात सांगतात की जे हवंय ते झालंच आहे असं फील करायचं, म्हणून तीन महिन्यांपासून ३६९ वाली वही लिहितोय, सकाळी ३ वेळा, दुपारी ६, रात्री ९, ‘मी पोलीस झालो’. रात्री डोळे मिटले की वर्दीतला मी दिसतो, मिरवणूक, डीजे, सगळं. छान वाटतं. पण सकाळी उठवत नाही. आणि मधूनच शंका येते, नाही झालं तर? रीलवाले म्हणतात शंका आली की सगळं कॅन्सल. आजी म्हणते, ‘डोया मिची बठीसन पोट भरस का रे भो?’ माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : आधी आजीला माझा नमस्कार सांग, या पानाचं अर्धं काम त्यांनीच करून ठेवलंय. आता तुझंच पत्र परत वाच बरं. ‘छान वाटतं. पण सकाळी उठवत नाही.’ ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिलीस आणि वर मला विचारतोस विश्वास कमी पडतोय का! अरे विश्वास नको तितका आहे, तुझ्या मनाने मिरवणूक काढून, डीजे वाजवून, अंगावरचा गुलालसुद्धा धुऊन टाकलाय, मग आता पहाटे उठून पळायचं कशाला?

हे मी मनचं बोलत नाहीये. गॅब्रिएल ओटिंगेन नावाच्या एक जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्या कितीतरी वर्षं याच गोष्टीच्या मागे लागल्यात. वजन कमी करायला आलेल्या बायकांवरचा त्यांचा अभ्यास १९९१ साली आला. वर्षभराने बघितलं तर ज्या बायका बारीक झाल्याची गोड गोड चित्रं रंगवत बसायच्या त्यांचं वजन थोडंच घटलं होतं आणि ज्यांना नुसतं ‘मला जमेल’ वाटायचं त्यांचं जास्त. पुढे २००२ मध्ये नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांचंही तेच निघालं, स्वप्नात जास्त रमणाऱ्यांनी अर्जच कमी केले, आणि दोन वर्षांनी पगारही इतरांपेक्षा कमी. म्हणजे ‘मला जमेल’ वेगळं आणि ‘मला मिळालंच’ वेगळं, आणि हा फरक तीस सेकंदाच्या रीलमध्ये मावत नाही.

तसं ‘झालंच आहे असं समजा’ हे काही आत्ताचं खूळ नाही. बार्बाडोसला १९०५ साली जन्मलेले नेव्हिल गोडार्ड अमेरिकेत हेच शिकवत फिरायचे. त्यांच्याही आधी फ्रान्समध्ये एमिल कुए नावाचा एक औषधवाला होता, तो लोकांना ‘मी रोज सुधारत चाललोय’ अशा अर्थाचं एक वाक्य सकाळ-संध्याकाळ २० वेळा म्हणायला लावायचा आणि मोजायला काय, तर २० गाठींची दोरी, आपली जपमाळच की! (३६९ ला टेस्लाचं नाव मात्र उगाच चिकटवलंय, तो वीज आणि मोटारींवर काम करणारा शास्त्रज्ञ, त्याचा तुझ्या वहीशी काय संबंध.) पण कुएचं एक म्हणणं मला पटतं. जमिनीवर टाकलेल्या फळीवरून कोणीही चालत जातं, तीच फळी दोन उंच मनोऱ्यांमध्ये टाकली की पाय लटपटतात. फळी तीच, पाय तेच, डोक्यात पडण्याचं चित्र आलं एवढंच. म्हणजे कल्पनेत ताकद आहे, नाही कोण म्हणतंय. तू ती नको तिथे लावतोयस.

मग कुठे लावायची? तुझ्या ग्राउंडच्या ५० मार्कांपैकी २० एकट्या १६०० मीटर पळण्याला. ४०० च्या ट्रॅकला चार राउंड. पहिला राउंड जोशात जातो, चौथ्यात शेवटची रेघ दिसत असते, खरं मरण तिसऱ्यात. घसा कोरडा, बरगडीखाली कळ, पुढचा पोरगा दहा पावलं लांब गेलेला, आणि डोक्यात एकच, आता चाललं तर काय होतंय. आज रात्री डोळे मिटशील ना, तेव्हा वर्दी राहू दे बाजूला, हा तिसरा राउंड बघ. कळ आली, मी खांदे सैल सोडले, श्वास मोजला, पुढच्याच्या पाठीवर नजर ठेवली. १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मुलांवर असाच प्रयोग झाला होता, काहींना चांगले मार्क मिळाल्याचं चित्र बघायला सांगितलं, काहींना आपण अभ्यासाला बसलोय असं. दुसऱ्यांनी अभ्यास लवकर सुरू केला आणि मार्कही त्यांनाच जास्त पडले.

सकाळी उठण्याचंही असंच आधीच ठरवून टाक. ‘उद्या उठीन’ हे काही ठरवणं नाही. ‘पावणेपाचचा अलार्म वाजला की खाटेखालच्या बुटात पाय घालीन’, हे ठरवणं. ओटिंगेनबाईंचे यजमान पीटर गोलवित्झर, ते याच ‘असं झालं तर तसं करीन’वर संशोधन करतात, घरात दोघांच्या काय गप्पा होत असतील देव जाणे. मोजे बुटातच कोंबून ठेव, अंधारात शोधायला लागले की माणूस परत आडवा होतो, मी स्वतः झालेय.

आणि विश्वास. अल्बर्ट बांडुरा १९७७ पासून सांगत आले की ‘मला जमेल’ हे सगळ्यात पक्कं येतं ते आधी थोडं जमलेलं असतं तेव्हा, त्याखालोखाल आपल्यासारख्याच कोणाला तरी जमलेलं बघून. तर ती वही फेकू नकोस, तिच्यात ‘मी पोलीस झालो’च्या जागी रोजचा टायमिंग लिही. ६ मिनिटं २०, ६ मिनिटं १४, एखाद्या दिवशी परत ६ मिनिटं २२. गावातला कोणी भरती झाला असेल तर सुट्टीवर आला की धर त्याला, तिसऱ्या राउंडला काय करायचास विचार. शंका येते ती येऊ दे, तुला मागच्या वेळी मार्क कुठे गेले ते माहितीये म्हणून येते. माझी स्वतःची बँकेची परीक्षा अशीच गेली होती, डोळ्यासमोर कॅश काउंटर, गळ्यात आयकार्ड, आणि गणिताच्या पुस्तकाचा कोरा वास तसाच. मला शंका आलीच नव्हती, हाच तर घोळ झाला.

प्रश्न : एक कोच ऑनलाइन ‘मनी मॅनिफेस्टेशन’ शिकवतात, २१ दिवसांचे ११ हजार. मिस्टरांचं दुकान मंदीत आहे. भरू का? (एक गृहिणी, धुळे)

उत्तर : नको. ते ११ हजार दुकानात माल भरायला लागतील. आणि या कोर्सपेक्षा मला आपला कानबाईचा नवस बरा वाटतो, नवसात निदान आपण काय करू हे तरी कबूल करतो, इथे सगळं ब्रह्मांडानेच करायचं आणि फी तेवढी आपण भरायची. उधारीची वही घेऊन दोघं एक दिवस बसा, कोणाकडे किती अडकलेत ते काढा.

प्रश्न : आईच्या गाठीची बायोप्सी झालीये, रिपोर्ट यायचाय. गेलं वर्षभर मला सारखं वाटायचं की आईला काहीतरी मोठं निघणार. मैत्रीण म्हणाली, तूच निगेटिव्ह विचार करून ओढवून घेतलंस. रात्र रात्र झोप नाही. (यावल तालुका)

उत्तर : अगं बाई, नाही. मैत्रिणीचा फोन दोन दिवस उचलू नकोस. विचारांनी गाठ होत नाही, आणि तू वर्षभर घाबरत होतीस कारण तुझं आईकडे लक्ष होतं.

तू यावलची, तुला केळीचं वेगळं सांगायला नको. आमचे आजोबा रावेरकडचे, बाग निसवली, घड लटकायला लागले की वैशाखात रोज संध्याकाळी ओट्यावर उभं राहून आभाळ बघायचे आणि म्हणायचे, यंदा वादळ येणार. आजी चिडायची, अभद्र बोलू नका. काही वर्षी यायचं आणि एका तासात बाग आडवी, काही वर्षी पानही फाटायचं नाही, बोलणं मात्र दरवर्षी तेच. ते बोलायचे म्हणून बांधाला शेवरी लावलेली असायची वारा अडवायला, म्हणून जड घडांच्या झाडांना बांबूचे टेकू असायचे. शेजाऱ्याचा बांध मोकळा होता, आणि तो मोठा आशावादी माणूस.

तुझ्या डोक्यातली भीती कागदावर उतरव, पण प्रश्न करून. रिपोर्टमध्ये नेमकं काय बघायचं, पुढची तपासणी कोणती, कुठे करायची, सरकारी योजनेत बसतं का, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं तर आधी कोणाला. मग तो दिवस डोळ्यासमोर आण, फाइल कोणाच्या हातात, जळगावला जायचं तर कितीच्या बसने, आईचा डबा, रांगेत बसल्यावर आई विचारेल ‘काय म्हणाले गं?’ तेव्हा तिच्याशेजारी कोण असेल. भावाला आजच फोन कर, एकटी जाऊ नकोस. रिपोर्ट आला की मला कळव, काय आलंय ते आधी बघू.