नेपोलियन: हुकूमशहा की सर्वाधिकारी?

एका वाचनमंडळासाठी जॉर्ज ऑर्वेलच्या 'ॲनिमल फार्म'वर, म्हणजे माणसाला हाकलून शेत ताब्यात घेणाऱ्या प्राण्यांच्या कादंबरीवर, टिपण लिहिणाऱ्या बाईंनी विचारलंय की, नेपोलियन या डुकराला हुकूमशहा म्हणावं, सर्वाधिकारी म्हणावं की एकाधिकारशहा? आणि हुकूममधला 'कू' ऱ्हस्व की दीर्घ?

सोपं आधी. 'कू' दीर्घ: हुकूमशहा, हुकूमशाही. 'हुकुमाने' लिहिताना तो ऱ्हस्व होतो, तिथून घोटाळा सुरू होतो. समासात मूळ रूप तसंच राहतं.

हुकूम अरबी, शहा फारसी. यातला एकही शब्द जात्या वाईट नाही. पत्त्यांत हुकूम बोलतो, भरवशाच्या फलंदाजाला हुकमी म्हणतो. निजामशाही, आदिलशाही ही तर नुसती घराण्यांच्या राज्यांची नावं. 'शाही'ला कुबट वास आला तो दडपशाही, झुंडशाही यांच्या संगतीने. लोकशाही बिचारी त्याच शेपटासकट नांदते आहे.

'सर्वाधिकारी' मी टाळेन. 1939 साली आर्य समाजाने हैदराबाद संस्थानात सत्याग्रह केला, तेव्हा त्याच्या नेत्याला सर्वाधिकारी म्हणत. पहिले होते महात्मा नारायण स्वामी. एक तुरुंगात गेला की जागा दुसऱ्याने घ्यायची. म्हणजे सगळे अधिकार हाती येणं ही तुरुंगाची पूर्वतयारी! नेपोलियनला हे बिरुद देणं म्हणजे त्या माणसांवर अन्याय. एकाधिकारशाही हा शब्द व्यवस्थेसाठी उत्तम आहे, पण 'एकाधिकारशहा' ओढूनताणून केलेला वाटतो. शिवाय नुसतं 'एकाधिकार' ऐकलं की मला कापूस एकाधिकार खरेदी योजनाच आठवते. दोष माझा असेल.

राहिला हुकूमशहा. शब्द बरोबर आहे, पण तो पहिल्या पानापासून वापरू नका. गाईंचं दूध नाहीसं होतं तेव्हा नेपोलियनने कुठलाही हुकूम सोडलेला नाही. दुधाचं काय ते बघू, आधी कापणीला चला, एवढंच तो म्हणतो. पुढे कळतं, दूध डुकरांच्या आंबोणात जात होतं. मग सफरचंदंही डुकरांनाच. कारण डोक्याचं काम तेच करतात. इथे तो फार तर म्होरक्या. हा शब्द कळपालाही शोभतो आणि टोळीलाही. चटक लागलेली आहे, सत्ता अजून पुरती हातात आलेली नाही. गुपचूप वाढवलेली नऊ कुत्री तो स्नोबॉल या प्रतिस्पर्धी डुकराच्या अंगावर सोडतो आणि लगेच रविवारच्या सभा बंद करतो. तिथून खुशाल हुकूमशहा लिहा.

खरी अडचण मात्र तुम्ही विचारलेलीच नाही. नेपोलियन 'आला' की 'आले'? इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही, मराठीत क्रियापद लिहिताक्षणी बाजू घ्यावी लागते. माझा सल्ला असा: तुमच्या निवेदनात तो शेवटपर्यंत 'तो'च असू द्या, अगदी दोन पायांवर चालायला लागला तरी. प्राण्यांच्या तोंडी सुरुवातीला 'तो', आणि कुत्री सुटल्यानंतर 'ते'. त्याची तळी उचलणारा डुक्कर स्क्वीलर तर 'आमचे नेते, कॉम्रेड नेपोलियन' याखाली येणारच नाही. बॉक्सर घोड्याचं पालुपदही मग असं होईल: 'नेपोलियन नेहमी बरोबरच असतात.' त्या 'असतात'वर टिपणात एक वाक्य जास्त खर्च केलंत तरी चालेल.